मागे अडकवलेला पट्टा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पोलादपूरला एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी दिवसकार्याला गेलो होतो. परत निघायला संध्याकाळ झाली. पाऊस असा लागला होता की समोरचा माणूस दिसेना. स्टँडवर महाडच्या एसटीची वाट पाहत तासभर उभा होतो. एक गाडी आली ती खचाखच भरलेली. आता या वयात लोंबकळत जाणं शक्य नाही. छत्री सावरत पुढच्या गाडीची वाट पाहत राहिलो.

एवढ्यात पोलिसांची जीप पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. काच खाली झाली. "सर, तुम्ही इथे? चला, महाडलाच चाललोय."

माझा विद्यार्थी. आता हवालदार आहे, पन्नाशी उलटलेला, केस निम्मे पांढरे. पण हाक मारली ती आठवीच्या वर्गातल्यासारखीच. मी मधल्या सीटवर बसलो. गाडी चालवायला एक तरुण पोलीस होता, नुकताच भरती झालेला. हवालदारसाहेब त्याच्या शेजारी पुढे.

गाडी सुरू झाली आणि माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. हवालदाराच्या सीटचा पट्टा खटक्यात व्यवस्थित अडकवलेला होता, पण तो त्याच्या छातीवरून गेलेला नव्हता. पाठीमागून गेला होता. म्हणजे आधी पट्टा लावून ठेवायचा आणि मग त्याच्यावर टेकून बसायचं. असं केलं की गाडी टुंग टुंग करत नाही.

तरुण ड्रायव्हरने मात्र पट्टा लावला होता, छातीवरून, नीट. हवालदाराने माझी नजर पाहिली असावी. हसून म्हणाला, "नवीन आहे सर. ट्रेनिंगची सवय अजून गेलेली नाही."

तो पोरगा लाजला. आणि मंडळी, मीही हसलो.

हे हसणं मला पुढे फार महागात पडलं, म्हणून आज लिहायला बसलो आहे. खरं तर मी स्वतःही पट्टा लावला नव्हता. मधल्या सीटचे पट्टे सीटकव्हरच्या खाली कुठे तरी गडप झालेले होते आणि मी ते शोधलेही नाहीत. फुकट गाडीत बसवून घेतलंय, वर माणूस पोलीस, वर आपला विद्यार्थी. त्याला त्याच्या हाताखालच्या माणसासमोर काय उपदेश करायचा? राजेवाडीपर्यंत पावसाच्या, भाताच्या लावणीच्या, त्याच्या मुलीच्या बारावीच्या गप्पा झाल्या. पट्ट्याचा विषय निघाला नाही.

सावित्रीच्या पुलावर आलो तेव्हा मात्र आम्ही तिघेही गप्प झालो. त्या पुलावर महाड-पोलादपूरचा माणूस अजूनही गप्प होतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री जुना पूल, ब्रिटिशांच्या काळातला, 1928 सालचा, पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि काही खाजगी गाड्या त्याच्याबरोबर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून नदीच्या काठाने शोध सुरू झाला. नवा पूल 5 जून 2017 रोजी खुला झाला. हा माझा विद्यार्थी त्या शोधाच्या बंदोबस्तावर होता. पूल ओलांडल्यावर एवढंच म्हणाला, "सर, त्या आठवड्यात घरी गेलोच नव्हतो."

या रस्त्यावर काम करणाऱ्या पोलिसाने काय काय पाहिलेलं असतं, याचा विचार आपण करत नाही. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळली. 30 माणसं गेली, एकच वाचला. दरीतून एकेक देह वर आणायचं काम गिर्यारोहकांनी केलं, आणि वर रस्त्यावर पाऊस झेलत, गर्दी आवरत, नातेवाइकांना तोंड देत उभे होते ते पोलीस. 22 जुलै 2021 ला तळीयेवर दरड आली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत तेच झालं. तेव्हाही पहिले पोहोचणाऱ्यांत हीच माणसं. अपघाताचा पंचनामा करायचा, नाव-गाव शोधायचं, घरच्यांना फोन करायचा. तो फोन करणं हे सगळ्यात कठीण काम, असं तोच मला एकदा म्हणाला होता.

मग मला कोडं पडतं. गाडीच्या अपघातात माणसाचं काय होतं हे ज्याने आपल्या सगळ्यांपेक्षा जवळून पाहिलंय, तो स्वतः पट्टा पाठीमागे का अडकवतो?

त्याची कारणं मी पुढे त्यालाच विचारली. ती मोकळेपणी सांगायला हवीत, कारण ती सगळीच खोटी नाहीत. पोलिसाला गाडीतून दर पाच मिनिटांनी उतरावं लागतं. कमरेला चामडी पट्टा, त्यावर पिस्तूल असेल तर त्याचं म्यान, हातात काठी, खांद्याला वायरलेस. त्यात सीटचा पट्टा अडकतो. कोणी अंगावर आलं तर झटकन बाहेर पडता आलं पाहिजे. 112 चा फोन आला की मिनिटं मोजली जातात. आणि जीपच्या अगदी पाठीमागे जी समोरासमोर बाकडी असतात त्यांना पट्टेच नसतात. त्यावर बसून बंदोबस्ताला जाणारे पोलीस तसेच जातात. हा त्यांचा दोष नाही.

पण या सगळ्याच्या तळाशी आणखी एक कारण आहे आणि ते त्याने सगळ्यात शेवटी, जरा ओशाळून सांगितलं. "सर, आम्हाला कोण अडवणार?"

हे ऐकून मला एक जुनी गोष्ट आठवली. साधारण 1987 चा सुमार. मी शेजारच्या गावातून एसटीने शाळेत येत असे. पोरं धावत्या एसटीच्या मागच्या शिडीला लटकतात म्हणून शाळेत तक्रार आली होती. मी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर चांगलं पंधरा मिनिटांचं भाषण दिलं. जीव किती मोलाचा आहे, आईवडील किती कष्ट करतात, वगैरे. भाषण छान झालं असं हेडमास्तरही म्हणाले. मधल्या सुट्टीत आठवीतला एक काटकुळा मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत यायला धजत नव्हता. मी म्हटलं, "काय रे?" तो म्हणाला, "सर, रागावू नका, पण तुम्ही पण फाट्यावर चालत्या गाडीत उडी मारून चढता. आम्ही रोज बघतो."

खोलीत बाकीचे शिक्षक बसले होते. माझा चेहरा लाल झाला. त्याला "जा वर्गात" म्हणून घालवून दिलं. पण त्या दिवसापासून आजतागायत मी चालत्या गाडीत चढलेलो नाही. दोन वेळा गाडी चुकली, पगार कापला गेला, तरी नाही.

तो काटकुळा मुलगा म्हणजेच हा हवालदार.

आता तुम्हाला कळेल की जीपमधलं माझं हसणं मला का टोचतं. तेरा वर्षांच्या त्या पोराने भर शिक्षकांच्या खोलीत मला जे सांगितलं, ते सत्तरी पार केलेल्या मला एका जीपमध्ये त्याला सांगता आलं नाही.

त्या संध्याकाळनंतर तीन आठवडे झाले असतील. सकाळी बाजारात दूध आणायला गेलो तर बातमी कानावर आली. रात्रगस्तीची जीप हायवेवर उभ्या असलेल्या डंपरवर मागून आदळली. डंपरला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पाऊस आणि अंधार. आत दोघे. तोच तरुण ड्रायव्हर आणि तोच हवालदार.

गाडी एक, धडक एक, वेळ एक. ड्रायव्हरच्या खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा तांबडा वळ उठला आणि आठवडाभर त्याला खोकता येत नव्हतं. एवढंच. तो स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरला आणि त्यानेच फोन करून मदत बोलावली. हवालदाराचं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं, जबडा मोडला, उजवा गुडघा डॅशबोर्डखाली चिरडला. तीन ऑपरेशनं झाली. जीव वाचला, पण तो गुडघा आता पुरता वाकत नाही. त्याला टेबलावरचं काम दिलं आहे. घाटात धावणारा माणूस आता रजिस्टर लिहितो.

आमच्या शाळेतले विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक माझे शेजारी आहेत. त्यांनी मला कागदावर हिशेब करून दाखवला. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आत पट्टा न लावलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोर जे असेल त्यावर आदळतो. हा वेग सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडल्यावर मिळतो तेवढा. ताशी 60 असेल तर उंची 14 मीटर, म्हणजे चौथा-पाचवा मजला. 40 म्हणजे आपल्या मते सावकाश! हातांनी डॅशबोर्ड धरून आपण सावरू, असं वाटणाऱ्याने एकदा दुसऱ्या मजल्यावरून हातांवर पडून सावरता येईल का याचा विचार करावा, असं ते म्हणाले. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण हा हिशेब मलाही समजला.

पट्टा तरी काय नवीन आहे? आज आपण वापरतो तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोहलिन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने 1959 साली आणला. कंपनीने त्याचं पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिलं. आपल्याकडे 1994 पासून नव्या गाड्यांत पुढच्या सीटला पट्टे सक्तीचे झाले. म्हणजे पट्टा गाडीत येऊन तीस वर्षं झाली, फक्त तो छातीवर यायचा राहिला आहे.

आपल्या महाराष्ट्राने याची किंमत जाहीरपणे मोजली आहे. 3 जून 2014 रोजी गोपीनाथ मुंडे दिल्लीत गाडीच्या मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. केंद्रात मंत्री होऊन आठवडाच झाला होता. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. गाडी महागातली. पुढे बसलेले दोघे जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघे, पट्टा न लावलेले, गेले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022 पासून गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला. कायद्यात ते आधीपासूनच होतं, आठवण मात्र तेव्हा झाली. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात पट्टा न लावलेले 16,715 जण अपघातात गेले. त्यातले 8,384 गाडी चालवणारे आणि 8,331 नुसते बसलेले. म्हणजे 'मी काय, चालवत थोडाच आहे' म्हणणारे जवळजवळ निम्मे.

आणि पाठीमागे पट्टा अडकवणारा एकटा माझा विद्यार्थी नाही. टुंग टुंग बंद करायला नुसता खटका, पट्ट्याशिवायचा, बाजारात मिळत असे. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो ऑनलाइन विकायला मनाई केली तेव्हा 13,118 जाहिराती काढून टाकाव्या लागल्या. जीव वाचवायला सांगणारा आवाज बंद करायला आपण पदरचे पैसे मोजत होतो!

पोलिसांचा हा प्रश्न केवळ आपलाही नाही. अमेरिकेत तीन दशकांत गाडीच्या अपघातात मेलेल्या पोलिसांची नोंद तपासली, तेव्हा किमान 42 टक्के जणांनी पट्टा लावलेला नव्हता असं निघालं. कारणंही तीच, पिस्तूल अडकतं आणि झटकन उतरता येत नाही. तिथे पोलिसांनीच पोलिसांसाठी 'बिलो हंड्रेड' नावाची मोहीम काढली. वर्षाला कामावर मरणाऱ्या पोलिसांची संख्या शंभराच्या खाली आणायची, म्हणून हे नाव. तिचे पाच नियम आहेत. त्यातला पहिला चोर-दरोडेखोरांविषयी नाही. पहिला नियम आहे, पट्टा लावा.

आता कायद्याची एक गंमत सांगतो, जी मलाही अलीकडेच कळली. 2019 साली मोटार वाहन कायदा बदलला, त्यात पट्टा न लावल्यास 1,000 रुपये दंड ठेवला. त्याच दुरुस्तीत 210 ब असं एक कलम घातलं. ज्याच्याकडे या कायद्याची अंमलबजावणी करायचा अधिकार आहे, त्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट. मी हे कलम दोनदा वाचलं. गुरुजींनी उडी मारली तर पोरांपेक्षा दुप्पट छड्या, असाच त्याचा अर्थ झाला. मला ते पटलं. पण माझ्या विद्यार्थ्याला कोणीही दुप्पट सोडा, एकपट दंडही कधी केला नव्हता. जो दंड व्हायचा तो रस्त्यानेच केला, आणि त्याला दुप्पट-तिप्पट कळत नाही.

मी त्याला भेटायला हॉस्पिटलात गेलो. जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नव्हतं. हातात पाटी-पेन्सिल होती. शाळेतल्यासारखीच. त्याने लिहिलं, 'सर, पट्टा.' आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. त्याला विचारायचं होतं की मी त्या दिवशी पाहिलं होतं ना? मी मान हलवली. घरी येऊन दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी तो घरी आला, काठी टेकत. चहा झाला. मी जे मनात साठलं होतं ते बोललो. म्हटलं, "अरे, तू लहान असताना मला सांगितलंस. मी मोठा असून तुला सांगितलं नाही. मला माफ कर."

तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं असतं तर मी कायम लावला असता का, हे मला खरंच माहीत नाही. पण त्या दिवशी महाडपर्यंत तरी लावला असता. आणि त्या पोराला मी चिडवलं नसतं."

त्याला स्वतःच्या गुडघ्यापेक्षा त्या पोराचं वाईट वाटत होतं. कारण तीन आठवडे रोज चिडवल्यावर त्या पोरानेही पट्टा पाठीमागे अडकवायला सुरुवात केली होती. त्या रात्री तो लावला कारण घरून निघताना आईचा फोन आला होता. नशीब, दुसरं काय.

असो. हे मी कोणाची तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. आमच्या रस्त्यावरच्या पोलिसांविषयी माझ्या मनात आदरच आहे, आणि म्हणूनच मला वाटतं की त्यांना सांगणारं कोणी तरी हवं. त्यांचे साहेब सांगतील तेव्हा सांगतील. मागच्या बाकड्यांऐवजी पट्ट्यांच्या सीट सरकार देईल तेव्हा देईल, ती द्यायलाच हवी. पण घरातली माणसं आजपासून सांगू शकतात. बायको डबा देताना सांगू शकते. निवृत्त मास्तर लिफ्ट घेताना सांगू शकतो. पोलीस आपल्याला रोज अडवतात, एखाद दिवशी आपण प्रेमाने त्यांना अडवलं तर काही बिघडत नाही.

मी आता हे करतो. मध्यंतरी दस्तुरी नाक्यावर पोलिसांची जीप उभी होती, ड्रायव्हर ओळखीतला निघाला. पट्टा नव्हता. म्हटलं, "बाळा, तेवढा पट्टा लाव." तो आधी गोंधळला, मग शेजारच्याकडे पाहिलं आणि लावला. शेजारी साहेब बसले होते. त्यांनीही काही न बोलता आपला ओढून लावला. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण काही झालं नाही. साहेबांनी नमस्कार केला.

जाता जाता माझ्या मुंबई-पुण्याच्या भाच्या-पुतण्यांसाठी. गणपतीला तुम्ही सगळे गाड्या घेऊन येता. आता रस्ता काही ठिकाणी चौपदरी झाला, कशेडीला बोगदा झाला, त्यामुळे वेग वाढला आहे आणि मध्येच एखादं वळण, एखादा उभा डंपर तसाच आहे. पनवेल सोडण्याआधी गाडी बाजूला घ्या आणि मागच्या सीटकव्हरखाली गेलेले पट्टे बाहेर काढा. आजी-आजोबांना आधी लावा, ते "काही होत नाही" म्हणतील, तरी लावा. मीही तसाच म्हणत होतो.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी कोणी पोलिसात असेल तर आज त्यांना एक फोन करा. आणि ते काय म्हणाले ते मला जरूर कळवा.